‘द व्हील ऑफ टाइम’चा पहिला खंड : कुणी कुणी वाचला, काय वाटलं?

धोटा

मंडळी, आमच्या सहा जणांच्या गटानं यंदा ठरवलं होतं की एक मोठी कल्पनारम्य मालिका धरायची आणि सोडायची नाही. रॉबर्ट जॉर्डनच्या ‘द व्हील ऑफ टाइम’चा पहिला खंड, ‘द आय ऑफ द वर्ल्ड’, परवा रात्री दीड वाजता संपवला. पुस्तक १९९० चं आहे, पण आमच्यापुरती ही मालिका नवीकोरी. सोलापुरात आणखी कुणी वाचली असेल तर बोलायचंय, म्हणून हा धागा. कथेतलं सगळं उघड लिहितोय. ज्यांना स्वतः वाचायचंय त्यांनी आत्ताच परत फिरा.

पहिल्यांदा मी का अडकलो ते सांगतो. आमचं घर मागवाल्यांचं. घरात तेलुगू, दारात मराठी. आजोबा हातमागावर बसायचे, वडील चाळीस वर्षं चादरीच्या जकार्ड मागावर. या पुस्तकात काळ म्हणजे एक चाक आहे आणि ते चाक विणतं. माणसांची आयुष्यं हे त्याचं सूत, आणि विणून निघतो तो एकेका युगाचा पट. अशी उपमा पुष्कळ जण देतात, एक वाक्य लिहून पुढे जातात. या लेखकानं ती आठशे पानं चालवली आहे. जादूसुद्धा विणूनच होते. वारा, पाणी, अग्नी, पृथ्वी आणि चैतन्य असे पाच प्रवाह, आणि ज्या बाईला ती विद्या येते ती हे प्रवाह एकमेकांत गुंफते.

ज्यांनी जकार्ड जवळून बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ असते. आडवं सूत घेऊन जाणाऱ्या धोट्याच्या एका फेरीला एक पट्टी. जिथं भोक आहे तिथलं उभं सूत वर उचललं जातं, जिथं नाही तिथलं खाली राहतं. ही माळ शेवटाला पहिल्या पट्टीशी शिवून टाकलेली असते, म्हणजे तिला ना सुरुवात ना शेवट. ती फिरत राहते आणि तोच मोर, तेच फूल पुन्हा चादरीवर उतरतं. पण सूत मात्र दरवेळी नवीन असतं. आता या मालिकेचा प्रत्येक खंड एकाच प्रकारे सुरू होतो. युगं येतात, जातात, परत येतात, एक वारा उठतो, आणि लेखक बजावतो की ही सुरुवात नव्हे, एक सुरुवात आहे. हे वाचताना मला मागावरची ती माळच दिसत होती. नक्षी तीच, सूत वेगळं.

एका ठिकाणी मात्र माझं लेखकाशी पटेना. यातली तीन पोरं, रँड, मॅट आणि पेरिन, ‘तावेरन’ आहेत. म्हणजे अशी सुतं, की त्यांच्या ओढीनं आजूबाजूची सुतं आपली जागा सोडून त्यांच्याभोवती वळतात. आमच्याकडे जास्त ताणलेलं सूत हा दोष. एक सूत बाकीच्यांपेक्षा ताठ राहिलं तर कापड तिथं आखडतं, चुणी पडते, माल नाकारला जातो. वडील डोळे मिटून कापडावरून तळहात फिरवायचे आणि बरोबर त्या सुतावर बोट थांबवायचे. मी त्यांना ही कल्पना सांगितली. ते म्हणाले, “मग त्या पोरांच्या शेजारच्यांचं काय होतं?” मी तेव्हा निम्म्यात होतो. पुढे वाचलं तेव्हा कळलं की पुस्तकाचा खरा प्रश्न हाच आहे. त्या तिघांपायी एमंड्स फील्ड गाव जळतं. त्यांना जागा देणारा, जेवू घालणारा प्रत्येक जण अडचणीत येतो.

सगळ्यात जास्त लागलेलं प्रकरण म्हणजे हिवाळ्याच्या शेवटच्या रात्रीचं. ट्रोलॉक, म्हणजे अर्धे माणूस अर्धे जनावर असे राक्षस, घरात घुसतात, रँडचा बाप टॅम जखमी होतो. पोरगं गाडीचा दांडा आणि घोंगड्या घेऊन एक झोळी करतं आणि बापाला अंधारात रानातून ओढत गावाकडे निघतं. दांडे हातात रुततायत, रस्त्यानं काळा घोडेस्वार जातोय, म्हणून झाडीतून चालायचं. आणि तापात बाप बरळतो की हे मूल मला डोंगराच्या उतारावर बर्फात सापडलं. पोरगं ऐकतं आणि तरीही ओढत राहतं. त्या पानावर मी पुस्तक मिटून खाली गेलो, वडील झोपलेत ते बघून आलो.

तुमचं काय?

कंबर_तलाव

मी दीडशे पानांवर सोडलं, आणि का सोडलं ते खरं सांगतो. नावं. पहिल्या पन्नास पानांत गावातल्या इतक्या लोकांची नावं येतात की मी वहीत यादी करायला लागलो. शिवाय खेडेगावातली पोरं, काळे स्वार, मार्ग दाखवायला आलेली जादूगारीण, रात्रीत गाव सोडून पळणं, हे मी टॉल्किनच्या अंगठीच्या गोष्टीत, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये, वाचलंय की ओ. तीच गोष्ट दुसऱ्यांदा कशाला वाचायची? दिवसभर दुकान सांभाळून रात्री तासभर मिळतो. तेवढ्यात मला नवीन काहीतरी पाहिजे.

विजापूर_वेस

@कंबर_तलाव, दादा, तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि ते लेखकालाही मान्य होतं. पहिली प्रकरणं टॉल्किनच्या वळणाची वाटावीत असं आपण मुद्दाम केलं, हे जॉर्डननं स्वतः सांगितलेलं आहे. वाचकाला ओळखीच्या ओसरीवर बसवायचं आणि मग घराबाहेर काढायचं.

माझी विनंती, फक्त शादार लोगोथपर्यंत जा. ते ओसाड शहर आलं की ही गोष्ट वेगळी झाली हे कळतं. त्या शहराला बाहेरच्या शत्रूनं मारलेलं नाही. शत्रूशी लढताना तिथली माणसं एकमेकांवर इतका संशय घ्यायला लागली की त्या संशयालाच जीव आला आणि त्यानं सगळ्यांना खाल्लं. मॅट तिथून एक खंजीर उचलतो आणि पुढची चारशे पानं तो हळूहळू मित्रावरसुद्धा संशय घेणारा माणूस होत जातो. वाईटाशी लढणारे स्वतः कसे सडतात, ते मी इतकं जवळून दुसरीकडे वाचलेलं नाही.

मी आधी ॲमेझॉनवरची मालिका बघितली होती, २०२१ ला आलेली. तिचे तीन हंगाम झाले आणि २०२५ मध्ये ती बंद केली. त्यात टॅमची ती रात्र अशी नाही, म्हणून पुस्तकात ती वाचताना मला धक्का बसला.

उजनीकाठ

मी मोहोळ तालुक्यातला. पुस्तक पोरीनं पुण्याहून आणलं होतं, तिच्या मागं लागून वाचलं. इंग्रजी मला जड जातं, महिना दीड महिना लागला.

शहरातली माणसं म्हणतात सुरुवात रटाळ आहे. मला सुरुवातच सगळ्यात खरी वाटली बगा. थंडी हटत नाही, पेरलेलं उगवत नाही, लांडगे गोठ्यापर्यंत येतायत, आणि गाव तरीपण वसंताच्या सणाची तयारी करतंय. बाप आणि पोरगा सणासाठी दारूची पिंपं गाडीवर घालून निघालेत, कारण बापानं शब्द दिलाय. पाऊस लांबला की आमच्याकडं बेंदूर असाच होतो. बैल रंगवायचे, पुरणपोळी करायची, आणि सगळ्यांचं लक्ष आभाळाकडं. सण केला नाही तर आपण हरलो असं होतं, म्हणून करायचा. हे ज्यानं लिहिलंय त्याला गाव माहीत आहे.

आणि तो फेरीवाला येतो ते! अख्खं गाव त्याच्या गाडीभोवती. सुया-दोरे घेणं राहिलं बाजूला, बातमी काय आणली ते आधी सांग. आमच्या लहानपणी भांड्याला कल्हई करणारा यायचा, त्याच्याभोवती असंच कोंडाळं जमायचं.

अक्का

धोटा, तुझ्या वडिलांचा प्रश्न मी माझ्या वहीत उतरवून घेतला. त्यांना नमस्कार सांग.

मी निवृत्त शिक्षिका आहे, वय एकाहत्तर. मला यातली नायनीव्ह फार आवडली. वय जेमतेम पंचविशीचं, गावचं औषधपाणी तिच्याकडे, आणि गावातले पुरुष ती लहान म्हणून तिला मोजायला तयार नाहीत. पोरं रात्रीत निघून जातात तेव्हा ती एकटी माग काढत बेअरलॉनपर्यंत पोचते. कोणाच्या जादूनं नव्हे, बापानं शिकवलेलं रान वाचता येतं म्हणून. तिचा राग पुष्कळांना खटकतो. मला खटकला नाही. जिला रोज आपला अधिकार नव्यानं सिद्ध करावा लागतो तिला राग येणारच. मी ज्या शाळेत पहिल्यांदा लागले तिथं मी असाच राग गिळून काढलेला आहे.

पण तक्रारही आहे. या जगात शक्तीचे दोन भाग, सैदार बायकांचा आणि सैदिन पुरुषांचा. पुरुषांचा भाग अंधाराच्या स्वामीनं विटाळलेला, त्याला हात लावणारा पुरुष वेडा होतो. त्यामुळे विद्या बायकांच्या हाती आली. कल्पना मोठी आहे. मात्र इतकी सत्ता असलेल्या बायकांना लेखक पदोपदी वेणी ओढायला आणि नाक मुरडायला लावतो. पोरांना गावाबाहेर नेणारी जादूगारीण मोइरेन, तिला तेवढं वेगळं ठेवलंय. ती बोलते कमी आणि सांगते त्याहून कमी.

दुसरी गोष्ट मी आठवडाभर मनात घोळवतेय. चाक म्हटलं की आपल्याला आपलंच घरचं वाटतं. पुनर्जन्म आहे, युगं आहेत. पण नीट बघा. आपल्याकडे चार युगं आणि ती उतरत्या कळेची. इथं चाकाला सात आरे, सात युगं, आणि त्यांत उतार नाही. त्याहून मोठा फरक असा, की आपल्या संतांनी जन्मभर काय मागितलं? या फेऱ्यातून सोडव. किंवा तुकोबांसारखं, सोडवू नकोस, पुन्हा गर्भवासी घाल, पण तुझी आठवण राहू दे. दोन्हींत फेरा हा प्रश्न आहे. या पुस्तकात चाक मोडून काळ आपल्या मर्जीनं घडवायचा ही इच्छा कुणाची? अंधाराच्या स्वामीची. चांगली माणसं चाक फिरतं राहावं म्हणून मरतात. चाकातून सुटायची इच्छाच कुणाला नाही. हे वाचून मी थबकले. ओळखीच्या दारातून आत गेले आणि घर भलत्याचंच निघालं.

कंबर_तलाव

अक्का, या एका परिच्छेदासाठी पुस्तक पुन्हा कपाटातून काढलं. शादार लोगोथपर्यंत तरी जातो.

शेंगापोळी

रँड आणि मॅट केमलिन शहराच्या रस्त्यानं चालतात त्या भागाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. मला वाटतं पुस्तकाचा जीव तिथं आहे. खिशात पैसे नाहीत, एक बासरी वाजवतो, दुसरा चेंडू झेलतो, त्याच्या बदल्यात खाणावळीत जेवण आणि गवतावर झोप. एखादी खाणावळ चांगली निघते, एखादीत मालकाच्या डोळ्यांवरूनच कळतं की रात्री इथं चोरी होणार. बारावीनंतर मी पुण्यात नवीन होते तेव्हा पहिल्या महिन्यात कुणाच्या दारात उभं राहायचं आणि कुणाच्या नाही, हे असंच चेहरा बघून ठरवायचे.

तिथं लेखकानं काळ मागेपुढे केलाय. दोघं एका ठिकाणी दिसतात, मग गोष्ट मागे जाते, मग पुन्हा तिथंच येते. मी दोनदा पानं चाळली, काही सुटलं का म्हणून. थकलेल्या माणसाला दिवस असेच एकात एक मिसळल्यासारखे वाटतात, म्हणून मला ते चाललं. पण पहिल्यांदा वाचणाऱ्यानं घाबरू नये, पानं गहाळ नाहीत.

भुईकोट

शेवटाबद्दल बोलायलाच पाहिजे. त्रेपन्न प्रकरणांतली पंचेचाळीस चालण्यात, आणि मग ‘वाटा’ नावाचे जादूचे मार्ग, फाल दारा हे सीमेवरचं ठाणं, उजाड प्रदेश, हिरवा पुरुष, दोन अतिप्राचीन शत्रू, पर्वतखिंडीतली लढाई, सगळं शेवटच्या काही प्रकरणांत कोंबलंय. ज्या विहिरीच्या नावावर पुस्तक आहे ती येते आणि संपते. रँड खिंडीत कसा पोचला, त्यानं नेमकं काय केलं, मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा माझं उत्तर वेगळं आलं. सत्तर मैल बैलगाडीनं आणि शेवटचे दोन मैल विमानानं नेल्यासारखं झालं. मी मालिकेवर प्रेम करतो, पुढचे पाच खंड वाचलेत, म्हणूनच हे बोलायचा हक्क सांगतो. पहिल्या खंडाचा शेवट कच्चा आहे.

धोटा

@भुईकोट, घाईबद्दल शंभर टक्के मान्य. पण त्या गोंधळात एक गोष्ट आहे, ती मी धरून बसलोय. रँडला त्याचा मुख्य शत्रू बालझामॉनच्या मागे एक काळा दोर दिसतो, कुठून तरी त्याला बळ पुरवणारा, आणि तो दोर कापतो. आठशे पानं विणण्याची भाषा आणि निर्णायक क्षणी सूत तोडणं. मला ते मुद्दाम केलेलं वाटतं. कोण कुठून तिथं पोचलं हे मलाही नीट सांगता येणार नाही.

हुतात्मा_एक्स्प्रेस

चौदा खंड आहेत हो. सुरू करू का नको, एवढं सांगा. अर्धवट सोडलेल्या मालिकांनी दोनदा पोळलोय.

विजापूर_वेस

ही पूर्ण झालेली आहे, त्याची काळजी सोडा. जॉर्डन, म्हणजे खऱ्या नावानं जेम्स ऑलिव्हर रिग्नी, २००७ मध्ये गेले. हृदयाचा दुर्मीळ आजार होता. शेवटच्या भागाची टिपणं, काही लिहिलेले प्रसंग आणि सांगून ठेवलेलं असं सगळं मागे ठेवून गेले. त्यांची पत्नी हॅरिएट मॅक्डूगल याच मालिकेच्या संपादक. त्यांनी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला निवडलं. एका खंडाचं काम तीन खंडांचं झालं आणि २०१३ मध्ये चौदावा खंड आला. पहिला १९९० चा, शेवटचा २०१३ चा. तेवीस वर्षं.

मला यातला एक तपशील सारखा आठवतो. जॉर्डन व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरवर मशीनगन चालवत होते, नंतर भौतिकशास्त्र शिकले. अक्कांनी ज्या ‘वेडे होणाऱ्या पुरुषां’बद्दल लिहिलं, त्याची सुरुवात पुस्तकाच्या पहिल्याच पानांवर आहे. जगातला सगळ्यात बलवान माणूस आपल्या मोडक्या महालात बायकोला हाका मारत फिरतोय आणि तिला आपणच मारलंय हे त्याला ठाऊक नाही. युद्ध बघितलेल्या माणसानं ते लिहिलंय हे कळल्यावर मी ती पानं वेगळ्या नजरेनं वाचली.

शेंगापोळी

एक विचारू? हे मराठीत आणायचं झालं तर शब्द कसे करायचे? उजनीकाठ दादांना महिना दीड महिना लागला, माझ्या आईला तर वाचताच येणार नाही. मी पहिल्या प्रकरणाचा गंमत म्हणून अनुवाद करायला बसले आणि ‘पॅटर्न’वरच, म्हणजे चाक विणतं त्या पटाच्या शब्दावरच, अडले. ‘आकृतिबंध’ लिहिलं तर परीक्षेचा पेपर वाटतो.

अक्का

नायनीव्हचा हुद्दा आहे तो ‘जाणती’ कर. गावात औषध, पाऊसपाणी, बाळंतपण बघणारी बाई, आणि जिच्या शब्दाला वजन आहे ती. ‘ज्ञानी’ अजिबात नको, ती मठातली वाटते.

उजनीकाठ

तो उत्तरेकडचा सडका मुलूख आहे ना, ‘ब्लाइट’, त्याला ‘करपा’ म्हणा. पानावर डाग पडतो, दोन दिवसांत पसरतो, हात लावला की पान मऊ लागतं, वास येतो. पुस्तकात अगदी तसंच वर्णन आहे. डाळिंबवाल्याला, द्राक्षवाल्याला ‘करपा’ म्हटलं की पोटात गोळा येतो. शब्द तसाच पाहिजे.

भुईकोट

करपा! झकास. मी ‘उजाड प्रदेश’ लिहिलं होतं, मागे घेतो. टॉम हा गोष्टी सांगत, खेळ करत फिरणारा आहे, त्याला ‘बहुरूपी’ की ‘शाहीर’?

अक्का

बहुरूपी. ठिगळांचा अंगरखा आहे त्याचा. शाहीर एका जागी उभा राहतो, टॉमला उभं राहायला जागाच कुठं आहे?

धोटा

‘पॅटर्न’साठी मी वडिलांना विचारलं. पुस्तकातला शब्द न सांगता विचारलं, की उभं-आडवं सूत बसून जे एकूण तयार होतं त्याला काय म्हणायचं. आमच्या घरात उभ्या सुताला पडुगु आणि आडव्याला पेका म्हणतात, तो तेलुगू. ते म्हणाले, नक्षी म्हणजे वर दिसतं ते. आत सूत सुताला धरून बसतं ती वीण. नक्षी खराब झाली तर चादर स्वस्तात जाते, वीण उसवली तर चादरच राहत नाही.

म्हणून @शेंगापोळी, ‘वीण’ करून बघा. ‘युगाची वीण’. आणि ताणलेल्या सुताचं विचारलं होतं, ते पुन्हा काढलं. शेवट काय झाला म्हणून विचारत होते. मी सांगितलं, अजून तेरा खंड आहेत, पण पहिल्याच्या शेवटी रँड मित्रांपासून दूर जायचं ठरवतो, आपल्यापायी त्यांना काही होऊ नये म्हणून. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, एक सूत बाजूला काढलं तर तिथं फट पडते, शेजारची दोन्ही सैल होतात. त्याला सांग, असं जमत नाही.

दुसरा खंड माझ्याकडे आला आहे. रविवारी हिराचंद नेमचंद वाचनालयात दहाला असेन. @शेंगापोळी, पहिल्या प्रकरणाची पानं घेऊन या, वडिलांना वाचून दाखवायची आहेत.

शेंगापोळी

आणते. अकरा पानं झालीत. वाऱ्याचा परिच्छेद अजून बसत नाहीये, तो अक्कांना आधी दाखवते.

कंबर_तलाव

शादार लोगोथला पोचलो. मॅटनं आत्ताच खंजीर उचलला. दुकान उघडायला उशीर झाला आज.